नसलेली छत्री

“बाबा, आईकडे छत्री नव्हती,” सीमंतिनी फोनवर म्हणाली.

रागावून नाही. पुण्यात तिच्या स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, तो तिनं मधेच थांबवला आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगून टाकलं. भालचंद्र खिडकीशी खुर्ची ओढून बसला होता. खाली ग्वाल्हेरच्या नई सडकेवर रविवारची सुस्ती होती, अर्धी दुकानं मिटलेली, आणि मे महिन्याचं ऊन सकाळीच पांढरं पडलेलं. त्या उन्हातून एक बाई छत्री घेऊन चालली होती म्हणून त्याला आठवलं, आणि आठवलं म्हणून तो बोलून गेला होता. तुझी आई हिरवी छत्री घेऊन गोरखी वाड्याच्या दारात माझी वाट पाहायची, आणि मी लांबून दिसलो की आपलं लक्षच नाही असं दाखवत छत्री दुसऱ्या खांद्यावर घ्यायची.

“नव्हती कशी?” तो म्हणाला. “चांगली बांबूच्या मुठीची होती.”

“अहो, आई छत्री वापरायचीच नाही. उन्हात पदर घ्यायची डोक्यावरून. छत्री धरली की एक हात वाया जातो म्हणायची. मला शाळेत असताना किती वेळा ऐकवलंय तिनं.” मग जराशी हसून, “ते तुमच्या खेळातलं आहे, बाबा. अवूनंच सांगितलं होतं मला. तिच्या त्या मित्राचा, समरजीतचा, तो कोण सरदार आहे, त्याला छत्रीवाली बाई आठवते म्हणून. बरं, ऊन फार आहे का हो तिकडे? दुपारचे बाहेर नका पडू.”

“हो का,” भालचंद्र म्हणाला. “असेल.”

फोन ठेवल्यावर तो तसाच बसून राहिला. गर्दीतून बाहेर पडल्यावर माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो, आणि खिसा सपाट लागला तरी लगेच पटत नाही, दुसरा खिसा चाचपावा लागतो, तसं त्याचं झालं. त्यानं पुन्हा गोरखीचं दार आठवलं. दार होतं. दाराशी शरयू होती. तिच्या हातात छत्री होती, हिरवी, आणि तिच्या काठावरून पाणी टपकत होतं. ते पाणी तिथलं नव्हतं. कारण पाण्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं, ते समरजीतनं खेळात घातलं होतं. पण पाणी काढून टाकायला गेलं तर छत्रीच हलेना. आणि छत्री काढायला गेलं तर शरयूचा हात मोकळा दिसेना, मुळी हातच दिसेना. ती बाजूला सरकून दाराच्या सावलीत गेली. त्यानं घाबरून डोळे उघडले.

सीमंतिनीची मुलगी अवंतिका ग्वाल्हेरला आजोबांकडे शिकायला आली तेव्हा तिच्या सामानात या खेळाचं जाडजूड पुस्तक होतं. ना पट, ना सोंगट्या, ना हार, ना जीत. चारपाच माणसांनी बसायचं, एकानं सूत्रधार व्हायचं. सूत्रधारानं सांगायचं की आता तुम्ही अमुक ठिकाणी आहात, समोर अमुक माणूस आहे. बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचं, आणि जिथं होईल की नाही अशी शंका असेल तिथं फासे टाकायचे. यांचा खेळ व्हॅम्पायरांचा होता. रक्त पिऊन जगणारी, मरण चुकलेली माणसं. घरात त्यांना सगळे ‘न मेलेले’ म्हणत. अवंतिकानं ठरवलं की आपले न मेलेले ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलेच असतील, शिंद्यांचा तळ पडला तेव्हा दक्षिणेतून आलेले, आणि मग कधी न गेलेले. समरजीतनं पात्र म्हणून महिपतराव नावाचा शिलेदार घेतला. अवंतिकानं विजयाबाई, फडावरच्या एका कारकुनाची विधवा. गरिमा नावाची तिची मैत्रीण मराठी नीट समजायची पण बोलायची हिंदीतच. तिनं घोड्यांचा हकीम घेतला. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, आणि समरजीत तिला दर रविवारी एकदा तरी म्हणायचाच, “हफ्ताभर लोगों का खून निकालती है, संडे को पीने आ जाती है.”

सुरुवातीला सूत्रधारही अवंतिकाच होती. भालचंद्र दाराशी पुस्तक घेऊन बसे आणि मधूनच मान वर न करता म्हणे, तेव्हा इथे कंदील नसणार, मशाल असणार. किंवा, तो पूल नंतरचा आहे. आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं होतं त्याचं, पुस्तकांची वर्गवारी करण्यात. कुठल्या सभेत त्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं. आभार मानायची वेळ आली की तो चहा सांगायला खाली जाई. शेवटी समरजीतच वैतागला. “आबा, तुम्हीच चालवा ना. हर पाँच मिनट में गाडी रोकण्यापेक्षा स्टिअरिंगच घ्या.” आपल्याला जमणार नाही, हसं होईल, असं तो म्हणत असताना अवंतिकानं त्याची खुर्ची उचलून पलंगासमोर ठेवलीसुद्धा. आणि आश्चर्य असं की दुसऱ्या कुणाच्या तोंडून बोलताना त्याची जीभ अडखळेना. कधी कोतवाल, कधी भिस्ती, कधी मोहरम बघायला गच्चीवर आलेल्या बायका. घरात शरयू गेल्यापासून एवढे आवाज नव्हते.

आठवणींचा नियम त्याचाच होता. दुसऱ्यातिसऱ्या रविवारी महिपतरावानं एका पाणी भरणाऱ्या बाईचं रक्त प्यायलं, आणि समरजीत तिला टाकून म्हणाला, “चलो, पुढे.” भालचंद्राला ते फार लागलं. पुस्तकात असं दिलेलंच होतं, चूक कुणाचीच नव्हती, तरी ती बाई पायरीवर पडून राहिलेली त्याला आठवडाभर दिसत राहिली. पुढच्या वेळी त्यानं चाचरत सांगितलं की आपल्याकडे असं करू या, ज्याचं रक्त त्याची आठवण. रक्त प्यायलं की त्या माणसाची एक आठवण पिणाऱ्याला मिळेल. सूत्रधारानं ती सांगायची, मग ती पिणाऱ्याची. त्यानं ती वाहायची, जमली तर वाढवायची. सूत्रधारानं तिला पुन्हा हात लावायचा नाही. त्याला वाटलं होतं, ओझं होईल म्हणून पोरं जरा हात आखडतील. झालं उलटंच. त्यांना आठवणींचीच चटक लागली. फासे पडायच्या आधी तिघंही पुढे सरकून बसत, आणि गरिमा डोळे मोठे करून म्हणे, “आबाजी, अच्छी वाली देना.”

चांगल्या आठवणी आणायच्या कुठून? भिस्त्याच्या, शिपायाच्या त्याला वाचनातून सुचत. बायकांच्या सुचत नसत. आयुष्यात त्यानं एकाच बाईकडे नीट पाहिलं होतं. म्हणून एकदा, फासे पडल्यावर काहीच सुचेना तेव्हा, त्यानं शरयूची एक सवय देऊन टाकली. कुणाच्याही खोलीत शिरण्यापूर्वी दाराबाहेर बारीकसं खोकायची. त्यात गेलं काय? खोकणंच ते. मग ऐकताना पदराचं टोक दोन बोटांना गुंडाळायची, ते दिलं. चहा बशीत ओतून त्याच्याकडे सरकवायची आणि स्वतः कपातून प्यायची, ते दिलं. खेळ पुढं सरकत गेला, सत्तावनचा धुरळा बसला, आगगाडी आली, प्लेग येऊन गेला, संस्थान विलीन झालं, आणि प्रत्येक काळात कुठे ना कुठे एखादी बाई भेटली आणि गेली. गोरखीच्या दारातली शरयू एका शाळामास्तरणीच्या नावावर महिपतरावाकडे गेली. पुढे कधीतरी समरजीत आपल्या पात्राच्या तोंडून, जड आवाजात, म्हणाला की मला अजून ती छत्री दिसते, तिच्यातून पाणी टपकतंय आणि ती मिटत नाही. सगळे वा म्हणाले. भालचंद्रसुद्धा वा म्हणाला होता. ते त्याला आता आठवलं आणि कानशिलं तापली.

छत्री समरजीतनं घातली की फक्त पाणी? तो एकेक आठवण काढून पाहू लागला. बशी होती, पण बशीला निळा काठ होता, आणि निळा काठ गरिमाच्या हकिमाला फार आवडायचा. पदर होता, पण बोटं दोन की तीन? खोकला तर त्याला शरयूच्या आवाजात ऐकूच येईना. तो अवंतिकाच्या आवाजात येत होता. कारण विजयाबाई दर वेळी दाराबाहेर खोकते, आणि गेल्या वर्षादीडवर्षात अवंतिकासुद्धा, खेळ नसताना, चहा घेऊन आत येताना खोकते. आजीला तिनं पाहिलेलं नाही. शरयू गेली तेव्हा सीमंतिनीचंच लग्न व्हायचं होतं. पहिल्यांदा तो खोकला दाराबाहेर ऐकून भालचंद्राला किती बरं वाटलं होतं. आज ते बरं वाटणं आठवून त्याला भीती वाटली, एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहून आपण फार वेळ ओळखीचं समजून हसत होतो हे मागाहून कळावं तशी.

भिंतीवर फोटो होता, पण फोटोतली शरयू नेहमी फोटोसारखीच असायची. तिच्याकडे बघून काही कळत नसे.

एक मात्र त्यानं कुणाला दिलं नव्हतं. मुरारच्या जुन्या घरातली एक दुपार. ती त्यानं एवढी जपली होती की स्वतःसुद्धा तिच्याजवळ जात नसे, वारंवार काढलं की चांदी काळी पडते तसं होईल म्हणून. आहे, एवढं माहीत असलं की पुरे. आज मात्र ती आहे ना हे पाहावं असं त्याला फार वाटलं, आणि पाहण्याचं धाडस होईना. तो उठला, सपाता घातल्या आणि पोरांसाठी कचोऱ्या आणायला खाली उतरला.

रस्त्यावर ऊन डोक्यात शिरत होतं. त्यानं कचोऱ्या घेतल्या. कचोरीवाल्याच्या पलीकडे छत्र्यांचं दुकान होतं. वर्षानुवर्षं तो त्याच्यापुढून जात होता. छत्र्या मिटून उलट्या टांगलेल्या, दाटीवाटीनं, आणि पंख्याच्या वाऱ्यानं मधूनच एखादी किंचित हलायची. तो थांबला. दुकानदारानं वर पाहिलं. “क्या दिखाऊँ, बाबूजी? हरी भी है, नीली भी है.” त्यानं हिरवीचं नाव काढलंच कसं? रांगेत पहिली तीच होती, दुसरं काही कारण नव्हतं, हे भालचंद्राला समजत होतं. पण क्षणभर त्याला वाटलं, आता यानं ती खाली काढून माझ्या हातात दिली आणि विचारलं, अशीच होती का, तर मी हो म्हणेन. मूठ अशी नव्हती, हेही सांगेन. ती कुठून घेतली, केवढ्याला घेतली, तेही सांगेन आणि त्यातलं एक अक्षर मला खोटं वाटणार नाही. “नहीं, नहीं,” असं म्हणून तो इतक्या घाईनं वळला की कचोऱ्यांची पुडी छातीशी दाबली गेली आणि तेल सदऱ्याला लागलं.

दुपारी तिघं जमली. अवंतिकानं खिडकीचे पडदे ओढले, कूलर लावला आणि स्वयंपाकघरातली परात आणून मधे ठेवली. फासे परातीत टाकायचे ही त्यांची पद्धत, म्हणजे आवाज सगळ्यांना ऐकू येतो आणि पडलेलं नाकारता येत नाही. भालचंद्रानं मनाशी पक्कं केलं होतं की आज बाई नको. खेळ आता शरयूच्या काळात आला होता. ज्या सालांत ती याच रस्त्यांवरून भाजीची पिशवी घेऊन चालत होती, त्या सालांत. आज यांना रेल्वेच्या मालधक्क्यावर न्यायचं, जुन्या वैऱ्याशी गाठ घालायची, संध्याकाळ होईल.

“आबा, तुमची तबियत ठीक आहे ना?” समरजीतनं कचोरी मोडता मोडता विचारलं. “चेहरा उतरलाय. गरिमा, इनका ब्लड ले ले जरा.”

“मैं फोकट में नहीं लेती,” गरिमा म्हणाली. “आबाजी, शुरू करें?”

त्यानं मालधक्का सांगितला. पण अवंतिका मान हलवत होती. “आबा, विजयाबाई तिकडे नाही जाऊ शकत. मागच्या वेळचं विसरलात? ती किती दिवसांची उपाशी आहे. आज काही मिळालं नाही तर संपली ती. मतलब, राखच.” तिनं सहज म्हटलं, पण तिचा हात गळ्यातल्या साखळीशी चाळा करत होता. विजयाबाई तिची होती. ग्वाल्हेरला आल्यापासूनची, पहिली सोबत. “ती मुरारला उतरते. दिवेलागण झाली आहे. पहिल्या गल्लीत, पहिलं दार. मी ठोठावते.” आणि तिनं बारीकसं खोकून दाखवलं.

कुणी नाही, दाराला कुलूप आहे, असं म्हणायचं त्याच्या ओठांवर होतं. “एक बाई दार उघडते,” तो म्हणाला.

फासे परातीत पडले, फिरले, थांबले. तिघांनीही वाकून पाहिलं. मारामारीला वाव नव्हता, फासे विजयाबाईच्या बाजूनं भरभरून पडले होते. अवंतिकानं सुटकेचा श्वास सोडला आणि मग आठवणीसाठी, नेहमीसारखी, मांडी सावरून बसली.

भालचंद्र सांगू लागला. त्या बाईला एक जत्रा आठवते. आकाशपाळणा. वर गेल्यावर तिला किल्ला आपल्या डोळ्यांच्या उंचीला आलेला दिसला. तो सांगत गेला, आणि त्याला ते वाईट वाटलं नाही, शब्द तर बरे जमले होते. पण पोरांच्या तोंडाकडे पाहिल्यावर तो गप्प झाला.

“आबा,” अवंतिका हळूच म्हणाली, “ही नाही.”

“नाही म्हणजे?”

ती समरजीतकडे पाहू लागली. समरजीत कूलरकडे. शेवटी गरिमा बोलली. “आबाजी, आप सच्ची वाली सुनाते हो तो चश्मा उतार देते हो.”

त्याचा हात चष्म्याकडे गेला. चष्मा नाकावर होता.

“पहिल्यापासून?” त्यानं विचारलं.

“पहिल्यापासून,” अवंतिका म्हणाली. “ती आजी आहे ना, आबा? आम्हाला माहीत होतं. आम्ही कधी बोललो नाही, तुम्ही थांबाल म्हणून.”

त्याला आधी लाज वाटली, कपडे बदलताना कुणी पाहिल्यासारखी. आणि लाजेच्या मागोमाग एकदम आशा. ही तीन पोरं एवढे दिवस त्याच्याकडे पाहत होती, तर खरं कोणतं आणि घातलेलं कोणतं हे त्यांना ठाऊक असणार. त्याच्याकडे नसलं तरी त्यांच्याकडे आहे. त्यानं शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, “गोरखीच्या दारातली. छत्री सांगितली, तेव्हा मी चष्मा काढला होता?”

“छत्री मी घातली, आबा,” समरजीत म्हणाला.

“तूने पानी डाला था,” गरिमा म्हणाली. “छाता आबाजी ने ही बोला था. चश्मा हाथ में था. मुझे पूरा याद है.”

“काय याद आहे? हिरवा रंगसुद्धा माझा. माझ्या आत्याची होती तशी.”

“तेरी बुआ का छाता काला है, मैंने देखा है.”

“अवू?” भालचंद्रानं विचारलं.

अवंतिकानं डोळे मिटून पाहिलं. “मला छत्री दिसते, आबा,” ती म्हणाली. “पण कुणी सांगितली ते नाही आठवत.”

कूलरची घरघर चालू होती. कुणी कचोरीला हात लावत नव्हतं. समरजीतला काहीतरी बिघडलं आहे एवढं कळलं असावं, कारण तो एकदम मोठ्यानं म्हणाला, “छोडो यार, छत्रीचं काय एवढं.” अवंतिका पुढे सरकली. तिनं परातीतले फासे एका बाजूला केले. “नको असेल तर राहू द्या, आबा. विजयाबाईला मी उपाशी ठेवते. जाऊ दे तिला. मी दुसरं कुणी घेईन.” हे म्हणताना तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. पोर खोटं बोलायला अजून शिकलेली नव्हती.

भालचंद्राला वाटलं, मी हिला का उपाशी ठेवतो आहे? कशासाठी? मुरारची दुपार माझ्याजवळ तरी किती दिवस धड राहणार? आज सकाळी छत्री निघाली, उद्या आणखी काही निघेल. फुटक्या भांड्यात ठेवण्यापेक्षा, अजून स्वच्छ आहे तोवर, तीन जणांच्या कानांवर घातली तर कुठेतरी राहील. सांगायची, आणि यांना सांगायचं की हिला हात लावू नका. त्यानं चष्मा काढला. समोरची तिघं विरघळून तीन पांढरट गोळे झाली. त्यातला अवंतिकाचा कोणता तेवढंच कळत होतं.

“मुरारला आमच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या,” तो म्हणाला. खेळातल्या बाईचं नाव त्यानं घेतलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. “मे महिना होता. असाच. वीज गेलेली. माझं डोकं दुखत होतं, मी नुसत्या फरशीवर पडलो होतो. ती आली. दाराशी खोकली. तिनं माठात दोन्ही हात बुडवले होते, कोपरापर्यंत. माझ्या उशाशी बसली आणि ओले तळवे माझ्या डोळ्यांवर ठेवले. मी काही म्हणणार, तर म्हणाली, काही बोलू नका. मेथी निवडत होती मघापासून, हातांना तो वास होता. बाहेर काही हलत नव्हतं. ते हात गरम होत गेले हळूहळू, पण तिनं काढले नाहीत.”

होती. सगळी होती, जशीच्या तशी. तळव्यांचा भार, बोटांच्या फटींतून येणारा तांबूस उजेड, मेथीचा कडवट वास. तो रेंगाळला, त्या खोलीत आणखी थोडा राहिला.

“और?” गरिमानं अगदी हळू विचारलं.

“और काही नाही,” तो म्हणणार होता. पण त्याला दाराशेजारचा कोपरा दिसला. डोळ्यांवर शरयूचे तळवे होते आणि तरी तो कोपरा दिसत होता, चुना उडालेला, आणि तिथे भिंतीला काहीतरी टेकून ठेवलेलं होतं. त्यानं पाहायचं नाही असं ठरवलं, पण पाहायचं नाही म्हणून मिटायला डोळे उघडे नव्हतेच.

“कोपऱ्यात छत्री होती,” त्यानं सांगितलं. आवाज त्याचाच होता, स्वच्छ, न अडखळणारा.

“कैसी?” गरिमानं विचारलं.

“हिरवी. बांबूच्या मुठीची. मिटून ठेवलेली.” तो सांगत राहिला. “तिच्यातून पाणी गळत होतं. फरशीवरून ओघळ माझ्याकडे येत होता. मला पाठीला गार लागलं.”

“मे महिन्यात पाऊस?” असं समरजीत काहीतरी पुटपुटला, पण अवंतिकानं त्याला गप्प केलं असावं. ती भालचंद्राच्या हाताकडे पाहत असावी. त्याच्या मांडीवर, उजव्या हातात, चष्मा होता.

“ही मी वाढवणार नाही, आबा,” ती म्हणाली. “एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही. शपथ. जशी दिलीत तशीच ठेवीन.”

भालचंद्रानं मान हलवली. चष्मा डोळ्यांवर चढवावा असं त्याच्या मनात आलं. पण त्याची पाठ खरंच ओली झाली होती, आणि वळून खाली बघण्याचं त्याला धैर्य नव्हतं.